पदराच्या आतली पट्टी

प्रताप नगर, नागपूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

दामिनी,

काल, शनिवार दहा जानेवारी, दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी मी स्वतःला भिंतीवर टांगलेलं पाहिलं. वेळ घड्याळात बघून तिथेच लिहून घेतली आहे. उगाच नंतर वाद नको.

वर 'चि.' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

ऑक्टोबरात तू रामटेकहून आलीस. चौदा वर्षांनी माझ्या दाराची बेल वाजवलीस आणि चहाला उकळी यायच्या आत म्हणालीस, "ताई, तुझं चित्र काढायचंय. माझ्यासाठी. घरी ठेवीन." मी सहा दुपारी त्या वेताच्या खुर्चीत ताठ बसले. कंबर धरली तरी हूं केलं नाही. अडतीस वर्षं मुलींना भाषा शिकवलेल्या बाईला 'माझ्यासाठी' आणि 'घरी' या दोन शब्दांचे अर्थ कळतात. सिव्हिल लाइन्समधलं कलादालन, वर पिवळा दिवा आणि खाली नाव लिहिलेली पाटी, हा त्यांचा अर्थ होत नाही.

पाटीवर काय लिहिलंस? 'घरी'. एवढंच. विनोद म्हणून केलं असशील तर जमलेला नाही.

मला बातमी वर्तमानपत्रातून कळली. सख्ख्या बहिणीनं काढलेलं माझं चित्र, आणि मला ते रद्दीवाल्याकडे जाणाऱ्या पुरवणीत दिसतं, टपाल तिकिटाएवढं. मी रिक्षा करून एकटी गेले. एकटीच परत आले, हेही लिहून ठेव.

चित्रासमोर कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, "हिचं कोणी वारलं असन का?" दुसरी म्हणे, "नाही वं, वाट पाहून राहिली कोणाची तरी. मले तर यार डर लागून राहिला हिच्याकडे पाहून." मी त्यांच्या शेजारी उभी होते. तोच चष्मा, तोच अंबाडा. मी म्हटलं, "मुलींनो, ती कोणाचीही वाट पाहत नाहीये." त्या दुसरीनं वळून माझ्याकडे पाहिलं, चांगलं नीट पाहिलं, आणि विचारलं, "तुमी ओळखता का जी तिले?"

मी 'नाही' म्हटलं.

दाराशी माहितीपुस्तिका फुकट देत होते, ती घेतली. तिच्यात डॉक्टर दुर्गेश नावाच्या कोणा मानसशास्त्रज्ञांनी तुझ्या चित्रातल्या 'एकाकी स्त्रीचं मन' दोन पानांत उलगडून दाखवलं आहे. मला न भेटता, न विचारता. मी रात्री लाल पेन घेऊन बसले. ती पानं सोबत जोडली आहेत. वीसपैकी तीन गुण दिलेत, तेही अक्षरजुळणीत चुका नाहीत म्हणून.

ते म्हणतात, मिटलेले ओठ हा वर्षानुवर्षं गिळलेला राग आहे. ओठ मिटलेले आहेत कारण तू म्हणालीस, बोलू नको, जबडा हलतो. ते म्हणतात, शेजारच्या स्टुलावर दोन कप आहेत, म्हणजे ही स्त्री गेलेल्या जोडीदाराचा कप अजून मांडते. दुसरा कप तुझा होता, बयो. निवलेला चहा तसाच टाकून तू रंग कालवत बसायचीस. ते म्हणतात, नजर दाराकडे आहे, सुटकेची आस आहे. दार माझं, घर माझं, किल्ली माझ्याकडे. सुटका कोणापासून?

आणि सगळ्यात कहर म्हणजे ती पट्टी. माझा पदर मांडीवर उलटला होता, आतल्या काठाला पांढरी पट्टी दिसते, लाल धाग्यानं काढलेले दोन-चार आकडे दिसतात. डॉक्टर लिहितात, हा कैद्याचा क्रमांक आहे, समाजानं स्त्रीच्या अंगावर डकवलेला. मी तिथल्या बाकावर बसून हसले. बोर्डिंगमध्ये राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचारा म्हणावं. माझा सत्तावीस, तुझा अठ्ठावीस. झग्याला, परकराला, उशीच्या अभ्र्याला सगळीकडे. धोब्याकडे कपडे हरवू नयेत म्हणून सिस्टर अगाथा आम्हां पोरींकडून शिवून घ्यायच्या. टाका वाकडा गेला की बोटांवर पट्टी बसायची, ती लाकडाची. सवय राहिली, इतकंच.

तर आता ते चित्र उतरव. गुरुवारपर्यंत. पियूष पुण्याहून एक फेब्रुवारीला येतोय. त्याच्या कोणा मित्रानं ती पुरवणी त्याला पाठवली. फोनवर म्हणाला, "आई, मावशीनं तुझं चित्र काढलंय आणि तू बोलली नाहीस? रविवारी आपण दोघं बघायला जाऊ." त्यानं ते बघायला नको आहे मला. कारण सांगायला मी बांधलेली नाही.

शामला


शनिवार, १७ जानेवारी

दामिनी,

सहा दिवस झाले. रामटेक चंद्रावर नाही. चौकातल्या पोस्टातल्या मुलानं तीन दिवसांत पत्र पोचेल म्हणून सांगितलं होतं. तुझं उत्तर नाही, निरोप नाही, चित्र उतरवल्याचा पत्ता नाही. परवा मी दालनात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, "चित्र आहे ना मॅडम, लोक खूप थांबतात त्याच्यासमोर." संक्रांत आली आणि गेली. तुला तिळगूळ पाठवायचा विचार होता, तोही रद्द केला.

गप्प राहून तू मला शिक्षा करते आहेस. चौदा वर्षं केलीस, आणखी किती?

ठीक आहे. तुला कारणच हवं असेल तर घे कारण.

पट्टीवर सत्तावीस नाही. तुला ते दिसलंच होतं. तू माझ्यापासून चार हातांवर बसली होतीस, आणि तू न दिसलेली रेघ काढत नाहीस, दिसलेली सोडत नाहीस. लहानपणी सिस्टरांच्या हनुवटीवरचे तीन केससुद्धा काढले होतेस आणि मार खाल्ला होतास. पट्टीवर या घराचा पत्ता आहे आणि खाली सोनिकाचा फोन नंबर. सोनिका म्हणजे माझ्याकडे पोळ्यांना येते ती. पियूषचा नंबर घातलेला नाही. का नाही, ते तुला कळेल.

सप्टेंबरात एकदा मी भाजी घेऊन चौकातून परत निघाले आणि घर सापडलं नाही. चाळीस वर्षांचं घर. रस्ते तेच होते, झाडं तीच होती, औषधांचं दुकान तेच, पण ते सगळं एकमेकांना जोडलं जाईना. मी हातात मेथीची जुडी घेऊन उभी राहिले. लोक जात होते. एकाला विचारावं असं वाटलं, पण काय विचारणार? माझं घर कुठे आहे? शेवटी एक माणूस म्हणाला, "मॅडम, मी सोडून देऊ का?" त्याच्या बायकोला मी शिकवलं होतं. म्हणजे असं तो म्हणाला.

घरी आले, शिवणाचा डबा काढला आणि सगळ्या साड्यांना पट्ट्या शिवल्या. अकरा साड्या. टाके सरळ आहेत. हात अजून चालतो.

एकदाच झालं ते. एकदाच. नंतर दिवाळीत बँकेच्या बाहेर, पण तिथे खोदकाम चालू होतं, कोणीही गोंधळलं असतं.

आता तू बाबांचं नाव काढशील. काढ. मीच काढते.

आई गेल्यावर बाबांनी आपल्याला सावनेरहून आणून बोर्डिंगच्या दारात सोडलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू पाच. तू त्यांच्या धोतराला धरून होतीस. "रडू नको वं माय, आठ दिवसानं येतो मी," असं म्हणाले, आणि खरंच दर आठवड्याला बसनं आले. संत्र्यांची पिशवी घेऊन, बाहेरच्या फाटकाशी उभे राहायचे. त्या माणसाला मी म्हातारपणी माझ्या फाटकाच्या आत ठेवलं आणि कुलूप लावलं. शेताकडे म्हणून निघायचे आणि तिसऱ्याच गावात सापडायचे. मी काय करायला हवं होतं? मला शाळा होती तेव्हा, नाही, निवृत्त झाले होते, पण घर होतं, माझ्या मामंजींचं आजारपण होतं. मी त्यांच्या बंडीला पट्टी शिवली. पट्टीवर पियूषचा नंबर घातला. दोनदा त्याला फोन आला, दोनदा तो त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन आला. तिसऱ्यांदा मी कुलूप आणलं.

रोज दुपारी चारला ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे. "मले सावनेरले नेऊन दे वं." रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही म्हणायचे. तू आलीस, ते पाहिलंस आणि भर रस्त्यात माझ्यावर ओरडलीस, "बाप आहे तो ताई, ढोर नाही!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग आठ महिन्यांनी ते गेले आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस.

पियूषनं आजोबांची ती बंडी पाहिलेली आहे. कुलूप लावताना तो तिथेच होता. किल्ली मी त्याच्याच हातात दिली होती. तो चित्रासमोर उभा राहील, त्याला ती पट्टी दिसेल आणि त्याला कोणाही डॉक्टर दुर्गेशची गरज पडणार नाही. तो चांगला मुलगा आहे. त्यात काही बरं नाही. चांगलेपणानंच करेल तो सगळं. पुण्याला नवव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे, दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे. गेल्या वर्षी गेले तेव्हा ते आकडे चार वेळा सांगितले त्यानं मला.

आता हे वाच आणि नीट वाच. काल मी पुन्हा दालनात गेले. बरोबर सोनिकाला नेलं. डॉक्टरसाहेब चुकले आहेत, तरी 'कैदी' म्हणताना एका गोष्टीच्या ते फार जवळून गेलेत. चित्रात माझा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आहे. चार बोटं वरून, अंगठा आतून, जसा फाटकाचा गज धरावा. तो हात माझा नाही, दामिनी. मी असा हात ठेवत नाही. तो बाबांचा हात आहे. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. सोनिका म्हणाली, "आजी, चला ना जी, काय पाहून राहिल्या इतकं?" घरी येऊन खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. दर वेळी हात तिथेच जातो.

आणि नजर. मी दाराकडे पाहते आहे, खरं आहे. दाराच्या आतल्या बाजूला मी मोठा कागद चिकटवला आहे. 'गॅस. नळ. किल्ली. आज वार कोणता?' मी तो कागद वाचत होते. सहाही दुपारी. तू दार काढलंस, कडी काढलीस, कडीचा गंजसुद्धा काढलास. कागद काढला नाहीस. तिथे नुसतं लाकूड आहे.

सिस्टरांचे केससुद्धा न गाळणाऱ्या बाईनं तो कागद गाळला. का? आणि तो गाळायचा होता तर पट्टी का ठेवलीस? कालपासून मी याच एका प्रश्नापाशी आहे. तुझ्या मनात काय चाललं होतं याचा उलगडा तुझ्या त्या डॉक्टरांना विचारू का?

उत्तर दे. निदान एवढं तरी.

शामला


गुरुवार, २२ जानेवारी
सकाळी साडेसहा

चि. दामिनी,

शनिवारचं पत्र तुला मिळालं असेल. मिळायला नको होतं. टपालपेटीतून पत्र परत काढता आलं असतं तर मी भर चौकात हात घालून काढलं असतं.

काल सोनिकानं कणीक मळता मळता विचारलं, "आजी, मंग दामिनी आजी कधी येऊन राहिल्या?"

मी म्हटलं, "तिचं नाव काढू नकोस. तिनं साधं उत्तर दिलेलं नाही."

"अवो, असं काहून म्हणता? फोन आल्ता ना त्यायचा. संक्रांतीले. किती वेळ बोलून राहिल्या होत्या तुमी! माह्या पोळ्या झाल्या, भांडे झाले, तरी तुमचं चालूच."

मी तिला खोटारडी म्हटलं. तिनं हात धुतले, माझा मोबाईल आणला आणि दाखवला. चौदा जानेवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. नंबर रामटेकचा, तुझा. बावीस मिनिटं.

मला एक मिनिटही आठवत नाही. रात्रभर शोधलं. पतंगांचा ओरडा आठवतो, 'ओ काट' करत पोरं गच्चीवर होती. सोनिकानं तीळ भाजले तो वास आठवतो. त्याच्यामध्ये बावीस मिनिटांचं भोक आहे. कडा स्वच्छ आहेत, आत काही नाही. मेथीची जुडी घेऊन उभी होते तेव्हा निदान मला कळत होतं की मी हरवले आहे. हे मला कळलंसुद्धा नाही. मी त्यानंतर तीन दिवसांनी बसून तुला, तू गप्प का, म्हणून चार पानं सुनावली. वाचताना तुझं काय झालं असेल?

मी सोनिकाला विचारलं, मी काय बोलत होते?

"मले काय मालूम जी. दार लोटून बसल्या होत्या तुमी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रडून राहिल्या होत्या. म्हणे, 'मले कुलूप नको लावू वं, मले कुलूप नको लावू.' मंग दोन-तीनदा 'हो, हो, तसंच कर' म्हणल्या."

"मी 'मले' म्हटलं?"

"हो जी. आमच्यासारखंच बोलून राहिल्या होत्या. मले वाटलं कोणाची नक्कल करून राहिल्या."

दामिनी, 'मले' हा शब्द माझ्या तोंडून बोर्डिंगच्या पहिल्या महिन्यात गेला. सिस्टर अगाथांनी साबणानं जीभ घासायला लावली होती, तू पडद्याआडून बघत होतीस. त्यानंतर त्रेसष्ट वर्षं मी तो उच्चारलेला नाही. बाबांशीही नाही. ते माझ्याशी बोलायचे आणि मी त्यांना पुस्तकातल्या भाषेत उत्तरं द्यायची. आता तो आपला आपण परत आला, आणि मी घरी नव्हते.

डोळ्याला डोळा न लागता हे पत्र लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. यावर लाल पेन चालवू नकोस.

मी कशाला 'हो' म्हटलं? रात्रभर मी हेच विचारते आहे. 'तसंच कर' म्हणजे कसं? चित्र उतरव असं म्हटलं का? मग ते अजून तिथे का आहे? की पियूषला तूच सांग, असं म्हटलं? तू सांगितलंस का त्याला? काल रात्री त्याचा फोन आला तेव्हा तो फार मऊ बोलत होता. "जेवलीस का आई," दोनदा विचारलं. हल्ली कोणी मऊ बोललं की मी आधी किल्ली जागेवर आहे का ते बघते. की तू इथे ये राहायला, असं म्हटलं मी? सोनिका तसं समजली आहे, पण ती बिचारी दाराबाहेर होती.

तू फोन उचलून हे मला सांगू नकोस. मोबाईल शेजारी पडला आहे, तुझा नंबर त्यात आहे, मी रात्रीतून सहा वेळा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर तू सांगशील, मी 'बरं' म्हणेन, आणि परवा तेही नसेल. कागद असला की मी तो पुन्हा वाचू शकते. रोज वाचू शकते. दारावर चिकटवू शकते.

चित्राबद्दल मी शनिवारी काय लिहिलं ते विसर. रात्री मला कागदाचं कारण सापडलं असं वाटतं. तो मी माझ्यासाठी चिकटवला आहे, म्हणून तू चित्रात काढला नाहीस. पट्टी मी दुसऱ्यांसाठी शिवली आहे, कोणीतरी वाचावी म्हणून, म्हणून ती काढलीस. चुकत असेन तर लिही. बरोबर असेन तरी लिही, कारण हेही राहील याची मला खात्री नाही.

चित्र भिंतीवर राहू दे. एक तारखेला मी स्वतः पियूषला त्याच्यासमोर नेईन आणि पट्टी त्याला दिसायच्या आत मी दाखवेन. सप्टेंबर सांगेन, बँक सांगेन, बावीस मिनिटं सांगेन. यादी करून ठेवली आहे, पर्समध्ये आहे, हे सोनिकालाही सांगितलं आहे. पण तो माझा मुलगा आहे आणि कुलूप लावायला तो माझ्याकडूनच शिकला आहे. माझ्या बाजूनं भांडायला मीच पुरी पडेन असं मला आता वाटत नाही. बोलता बोलता मी 'हो, तसंच कर' म्हणून बसले तर? म्हणून त्या दिवशी तू तिथे हवीस. चौदा वर्षांपूर्वी माझ्यावर ओरडलीस ना, तशी त्याच्यावर ओरडायला. त्याच शब्दांत ओरड. तेव्हा मी तुझं ऐकलं नाही. तो कदाचित ऐकेल.

तेव्हा बसून लिही. संक्रांतीला मी काय बोलले ते माझ्याच शब्दांत, 'मले'सकट, काही न गाळता. मी कशाला हो म्हटलं ते. पियूषला तू काही सांगितलं आहेस का ते. आणि एक तारखेला कितीच्या बसनं येतेस ते. शुक्रवार, तीस जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी. फोनवर दिलेलं उत्तर मी उत्तर मानणार नाही.

पत्राच्या तळाशी तुझा नंबर लिही. आकडे मोठे आणि सुटे सुटे काढ. अकरा पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, आणि लाल धागा सुईत ओवून द्यायला सोनिका त्या दिवशी पाचलाच येणार आहे.

तुझी,
ताई